वेळ पाखराची

१७१७ साली लंडनमध्ये ‘द बर्ड फॅन्सियर्स डिलाइट’ नावाची एक छोटी पुस्तिका निघाली. तिच्यात लहान लहान धुना स्वरलिपीत छापल्या होत्या, पण त्या मैफलीत वाजवण्यासाठी नव्हत्या. घरातल्या पिंजऱ्यातल्या कॅनरीला किंवा बुलफिंचला बासरीच्या जातीच्या छोट्या वाद्यावर एकच धून पुन्हा पुन्हा ऐकवायची आणि अखेर ती त्याच्या गळ्यातून वदवून घ्यायची, हा त्या पुस्तिकेचा उपयोग. कोणत्या पाखराचा गळा कुठवर जातो ते पाहून प्रत्येकासाठी निराळ्या धुना दिल्या होत्या. त्याच शतकात फ्रान्समध्ये याच कामासाठी ‘सेरिनेट’ नावाची पेटी प्रचारात होती. दांडा फिरवला की आतला खिळे ठोकलेला दंडगोल फिरे, भाता चाले आणि नळ्यांमधून ठरलेली धून बाहेर पडे. पाखराला शिकवणाऱ्याला वाजवता येण्याचीही गरज उरली नाही. युरोपात पाखरांच्या सोबतीने संगीत करण्याच्या प्रथेचा लेखी माग काढला, तर तो असा पिंजऱ्यापाशी पोहोचतो. आणि तिथून पुढे आलो, की १९७९ साली कॅनडातल्या एका रानतळ्याच्या काठी बारा ट्राँबोनवादक दिवस कलण्याची वाट पाहत थांबलेले दिसतात. या दोन टोकांमध्ये नेमके काय घडले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

हा इतिहास बहुधा प्रेमकथेसारखा सांगितला जातो. माणूस वाजवतो, पाखरू उत्तर देते, दोघांची जुगलबंदी रंगते, असे त्या कथेचे ठरलेले वळण. मला ही मांडणी पटत नाही. पाखराच्या मनात काय असते ते आपल्याला ठाऊक नाही, आणि जे थोडेफार कळले आहे ते जुगलबंदीच्या कल्पनेला फारसे अनुकूल नाही. पाखरे तेव्हाही स्वतःच्या कारणांसाठी गात होती, आजही तशीच गात आहेत. बदल झाला तो माणसाच्या बाजूला. पिंजऱ्याच्या काळात धून माणसाची, जागा माणसाची, वेळही माणसाची होती. पुढे वाजवणाऱ्यांनी यातली एकेक गोष्ट हातची सोडली. आधी जागा सोडली, मग वेळ, मग सगळा अवकाश आपल्याच आवाजाने भरण्याची सवय, आणि शेवटी कार्यक्रम कुठे संपणार हे ठरवण्याचा हक्कसुद्धा. उघड्यावरच्या या प्रयोगशील संगीताचे मोल पाखराने साथ दिली की नाही यावर ठरत नाही. माणसाने स्वतःचे किती सोडले, यावर ते ठरते. या एका मुद्द्यासाठी हा सगळा पुरावा मांडतो आहे.

जागा सोडण्याचा पहिला गाजलेला प्रयोग इंग्लंडातल्या एका बागेत झाला. बिआट्रिस हॅरिसन ही चेलोवादक १८९२ साली भारतात, रुडकीला जन्मली. वडील लष्करातले अभियंता अधिकारी होते. १९२४ पर्यंत तिचे नाव इंग्लंडात चांगलेच झाले होते आणि संगीतकार एल्गारच्या चेलो कॉन्चेर्टोचे ध्वनिमुद्रण तिने खुद्द एल्गारच्या संचालनाखाली केले होते. सरे परगण्यात ऑक्स्टेडजवळ ‘फॉइल रायडिंग’ या घरी ती राहत असे. तिथल्या बागेत रात्री रियाज करताना, रिम्स्की-कोर्साकोव्हची ‘साँग ऑफ इंडिया’ ही धून वाजवत असताना, जवळच्या झुडपातून नाइटिंगेल गाऊ लागल्याचे तिच्या लक्षात आले. नाइटिंगेल हा आपल्या दयाळाच्या आणि शामाच्या कुळातला पक्षी, चिमणीहून किंचित मोठा, तपकिरी, दिसायला अगदी साधा. हिवाळा आफ्रिकेत काढून एप्रिलात तो इंग्लंडात येतो, दाट झुडपात दडून बसतो आणि जूनच्या सुरुवातीपर्यंत रात्री-बेरात्री गातो. हॅरिसनने बीबीसीकडे प्रस्ताव ठेवला, की हे बागेतून थेट प्रक्षेपित करावे. बीबीसी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती आणि तिचे प्रमुख जॉन रीथ सुरुवातीला राजी नव्हते. गाणार की नाही याची शाश्वती नसलेल्या पाखरासाठी एवढा खर्च कशाला, ही शंका रास्तच होती. अखेर परवानगी मिळाली. उन्हाळघरात ध्वनिवर्धक यंत्रे मांडली गेली, झुडपाजवळ त्या काळचा सर्वांत संवेदनशील मार्कोनी-साइक्स मायक्रोफोन ठेवला गेला आणि टेलिफोनच्या तारेने बाग लंडनशी जोडली गेली.

१९ मे १९२४ च्या रात्री सॅव्हॉय हॉटेलमधल्या नृत्यवृंदाचा कार्यक्रम चालू होता. पाखरू गाऊ लागले की तो मध्येच तोडून बागेकडे वळायचे, असे ठरले होते. हॅरिसन एल्गार वाजवत होती, द्वोर्झाक वाजवत होती, आणि झुडूप गप्प होते. तासाहून अधिक वेळ असा गेला. पावणेअकराच्या सुमारास, प्रक्षेपण संपायला थोडकाच वेळ उरला असताना, गाणे सुरू झाले आणि ते घराघरांतल्या रेडिओवर पोहोचले. सुमारे दहा लाख लोकांनी ते ऐकले असे मानले जाते. पत्रांचा तर पाऊस पडला. पुढे बारा वर्षे दर वसंतात हे प्रक्षेपण होत राहिले. या घटनेतले चेलो आणि पाखराचे गोडवे पुष्कळांनी गायले आहेत. मला त्यातला तो गप्प गेलेला तास महत्त्वाचा वाटतो. रेडिओ हे घड्याळाच्या काट्यावर चालणारे माध्यम. कोणता कार्यक्रम किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद, यावर त्याचा सगळा डोलारा उभा. त्या माध्यमाने एका झुडपापुढे हात जोडून वाट पाहिली. धून अजून माणसाचीच होती, दिवाणखान्यात वाजणारीच होती. पण जागा पाखराची होती, महिना पाखराचा होता, आणि मुहूर्तही अखेर त्यानेच ठरवला.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो आणि तो साधा नाही. ते पाखरू खरे नव्हतेच, असा दावा २०२२ मध्ये पुढे आला. तंत्रज्ञांची ये-जा आणि यंत्रांची उठाठेव यांनी नाइटिंगेल बिचकून गेले असावे आणि ऐनवेळी हाताशी ठेवलेल्या, पाखरांचे आवाज काढणाऱ्या कलावंताने वेळ मारून नेली असावी, असे त्या दाव्याचे म्हणणे. हे खरे असेल तर सगळा इतिहासच पोकळ ठरतो, असे कोणी म्हणेल. तसे होत नाही. पुढच्या वर्षांत त्याच बागेत प्रक्षेपणे होत राहिली, आणि १९२७ मध्ये एचएमव्हीने तिथे केलेली ध्वनिमुद्रणे आजही ऐकता येतात; त्यांतल्या नाइटिंगेलबद्दल अशी शंका घेतली जात नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दावा खरा धरला तरी तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो. पहिल्या रात्री पाखरू गायले नसेल, तर त्याचे कारण माणसाने पुरेसे सोडले नव्हते हे आहे. जागा त्याची घेतली, पण ती तारांनी, यंत्रांनी आणि पावलांनी भरून टाकली. आणि नकलाकार हाताशी ठेवला गेला असेल, तर त्याचा अर्थ वेळेवरचा हक्क मनातून सुटला नव्हता एवढाच. वाट पाहायची, पण रिकाम्या हाती परतायचे नाही, अशी ती वृत्ती.

रिकाम्या हाती परतायचे नाही याची पक्की हमी त्याच १९२४ साली रोममध्ये दुसऱ्या एका संगीतकाराने मिळवली. १४ डिसेंबर १९२४ रोजी ओत्तोरीनो रेस्पिगीच्या ‘पाइन्स ऑफ रोम’ या रचनेचा पहिला प्रयोग झाला. तिसऱ्या भागाच्या अखेरीस ऑर्केस्ट्रा मंदावतो आणि ग्रामोफोनवरून नाइटिंगेलचे गाणे ऐकू येते. कोणती तबकडी लावायची तिचा क्रमांकसुद्धा रेस्पिगीने स्वरलिपीत लिहून ठेवला आहे. ध्वनिमुद्रित पाखराला तेव्हा पस्तीस वर्षांचा इतिहास होता. १८८९ मध्ये फ्रँकफुर्टमध्ये लुडविग कॉख या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या मेणाच्या नळीवर एका पाखराचा आवाज टिपला होता. पाखराच्या आवाजाचे ज्ञात असलेले हे सर्वांत जुने ध्वनिमुद्रण. ते पाखरू म्हणजे सह्याद्रीच्या रानातही गाणारा शामा. अर्थात फ्रँकफुर्टमधला शामा पिंजऱ्यातला होता. तबकडीवरचे पाखरू हे या पिंजऱ्याचेच पुढचे रूप आहे. त्याला ऋतू नाही, रात्र नाही, नकार नाही. रेस्पिगीची रचना सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ती पाखरासोबतचे संगीत नाही; पाखराच्या आवाजाचा वाद्यासारखा केलेला वापर आहे. एकाच वर्षातल्या या दोन घटनांमधला फरक आवाजाच्या गोडीत सापडणार नाही. पाखराला गप्प राहण्याची मुभा कुठे होती, हे पाहिले की तो कळतो.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे, आणि तो त्याच बागेतून आला. १९३६ मध्ये हॅरिसन घराणे तिथून गेले, तरी बीबीसी दर मे महिन्यात नुसत्या नाइटिंगेलचे प्रक्षेपण करत राहिली. १९ मे १९४२ च्या रात्री मायक्रोफोन लावलेला असताना आकाशात घरघर सुरू झाली. वेलिंग्टन, लँकेस्टर आणि इतर जातींची १९७ बॉम्बफेकी विमाने जर्मनीतल्या मानहाइमकडे निघाली होती. हा आवाज प्रक्षेपित झाला तर शत्रूला आयतीच सूचना मिळेल हे ओळखून अभियंत्याने थेट प्रक्षेपण तोडले, पण तबकडीवरचे मुद्रण चालू ठेवले. ते मुद्रण आज ऐकले तर अंगावर काटा येतो. घरघर वाढत जाते, सगळी रात्र व्यापते, आणि त्या घरघरीत नाइटिंगेल गातच राहते. परतीच्या वेळी विमाने ११ ने कमी होती. आता आक्षेप असा, की जे पाखरू चेलोसमोर गायले तेच बॉम्बरसमोरही गायले. मग चेलोचे कौतुक कशाला? पाखराला दोन्ही सारखेच असतील, तर ‘सोबत’ हा निव्वळ माणसाचा भ्रम नाही का?

पक्षिशास्त्र या आक्षेपाच्या बाजूने बरेच बोलते. नाइटिंगेलचा नर रात्री गातो तो मुख्यतः जोडीदारीण मिळालेली नसते म्हणून; गाणे म्हणजे मादीला बोलावणे आणि दुसऱ्या नराला हद्द दाखवणे. आवाज झाला की तो गप्प बसतोच असे नाही, अनेकदा चढ्या आवाजात गातो. बर्लिनमध्ये हेन्रिक ब्रुम या संशोधकाने मोजले, तेव्हा गोंगाटाच्या जागी राहणारे नर शांत जागच्या नरांपेक्षा मोठ्याने गाताना आढळले. सुट्टीच्या सकाळपेक्षा कामाच्या दिवशी सकाळी, वाहतुकीच्या वेळी, त्यांचा आवाज चढलेला होता. म्हणजे बॉम्बरच्या घरघरीत गाणारे पाखरू साथ करत नव्हते. रस्त्याकडेच्या पाखराप्रमाणे, बुडू नये म्हणून ते धडपडत असावे, असेच या मोजमापांवरून मानावे लागते. पण हेच शास्त्र आणखीही एक गोष्ट सांगते. हेन्रिके हुल्टश आणि डीटमार टोड्ट यांनी १९८२ मध्ये दाखवले, की शेजारी गाणारे दोन नाइटिंगेल वेळेचे भान ठेवून गातात. कोणी दुसऱ्याचे गाणे संपण्याची वाट पाहून मधल्या फटीत आपले गाणे घालतो, कोणी मुद्दाम दुसऱ्याच्या गाण्यावर आपले चढवतो, कोणी दुसऱ्याकडे लक्षच देत नाही. एका नराच्या गळ्यात दीडशे-दोनशे निरनिराळ्या चिजा असतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर रानातले नाइटिंगेल ऐकू आलेल्या शिळेच्या उंचीशी आपल्या शिळेची उंची त्या क्षणी जुळवताना आढळले. म्हणजे हे पाखरू बहिरे नाही. ते ऐकते, वेळ साधते, सूरही जुळवते. मात्र त्याची कारणे त्याची स्वतःची आहेत.

म्हणून आक्षेपाचे उत्तर पाखराच्या बाजूला शोधू नये. बॉम्बर आणि चेलो यांतला फरक पाखराने केला नसेल, पण तो आहे, आणि तो माणसाच्या वागण्यात आहे. बॉम्बर थांबत नाही, फट ठेवत नाही. त्याच्यासमोर गाणाऱ्याला गळा ताणण्यावाचून गत्यंतर नसते. चेलोवादक थांबू शकते, ऐकू शकते, धनुष्य उचलून घेऊ शकते. जो पक्षी फटीत गाणे घालतो, त्याच्यासाठी फट ठेवणे ही एवढी एकच गोष्ट माणसाला खात्रीने करता येते. आपल्याकडच्या जाणत्या श्रोत्याला हे वेगळे सांगायला नको. गवई आलाप घेत असताना सारंगीवाला किती वाजवतो यापेक्षा कुठे वाजवत नाही, यावरून त्याची जाण कळते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या प्रथेने कागदाची वाट धरली, आणि त्या वाटेवर महाराष्ट्राचा एक खरा धागा आहे. फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ वही-पेन्सिल घेऊन पहाटे रानात जाई आणि पाखरांची गाणी स्वरलिपीत उतरवी. पाखरे फार उंच आणि फार वेगाने गातात, त्यांचे स्वरांतर अर्ध्या स्वराहूनही बारीक असते. म्हणून तो त्यांना खालच्या सप्तकात आणी, लय कमी करी, अंतरे वाढवी. १९५६ मध्ये पॅरिसला सादर झालेल्या त्याच्या ‘ओझो एक्झोतिक’ या रचनेत भारतातला शामा आहे, चीन, मलाया आणि अमेरिका इथली पाखरे आहेत, आणि तालवाद्यांत शार्ङ्गदेवाचे देशी ताल आहेत. हे ताल मेसियाँला एका फ्रेंच संगीतकोशात सापडले होते. त्यांचा मूळ ग्रंथ ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला गेला. त्या ग्रंथात सात स्वरांना सात प्राण्यांचे आवाज लावून दिले आहेत: षड्ज मोराचा, पंचम कोकिळाचा, धैवत बेडकाचा, निषाद हत्तीचा, हे आपले विद्यार्थी अजून घोकतात. यावरून काही जण म्हणतात, की निसर्गासोबतचे संगीत आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वीच होते, पाश्चात्त्यांनी नवे काय केले? उत्तर स्पष्ट द्यायला हवे. शार्ङ्गदेवाने स्वरांचे मूळ प्राण्यांत पाहिले, मेसियाँने पाखरे पियानोवर आणली. दोघांचीही दृष्टी थोर आहे, पण दोघांकडेही प्रत्यक्ष पाखराला बोलण्याची किंवा गप्प राहण्याची मुभा नाही. मेसियाँच्या रचनेत तर चार मुलुखांतली, रानात कधीही भेटली नसती अशी पाखरे एकाच सभागृहात एकाच वेळी गातात. ही अप्रतिम चित्रकला आहे. सोबत ही निराळी गोष्ट आहे.

सभागृहाची भिंत पडायला सुरुवात झाली ती २९ ऑगस्ट १९५२ रोजी, न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकजवळच्या मॅव्हरिक सभागृहात. जॉन केजची ‘४ मिनिटे ३३ सेकंद’ ही रचना तिथे प्रथम सादर झाली. डेव्हिड ट्यूडर पियानोपाशी बसला, त्याने एकही स्वर वाजवला नाही, तीन भाग घड्याळावर मोजून तो उठला. या रचनेबद्दल बोलताना ते सभागृह मागच्या बाजूने रानाकडे उघडे आहे ही गोष्ट सहसा मागे पडते. पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू आला, दुसऱ्यात छपरावर पावसाचे थेंब पडू लागले, असे केजने पुढे सांगितले. आवाजावरचा ताबा सोडण्याचे हे टोक होते, पण वेळ अजून घड्याळाचीच होती. १९७६ मध्ये डेव्हिड डन या तरुण अमेरिकी संगीतकाराने उलट बाजूने सुरुवात केली. कॅलिफोर्नियात मॉकिंगबर्ड हा नकला करण्यात वाकबगार पक्षी सर्वत्र दिसतो. डनने त्याच्या गळ्याच्या पल्ल्यातले, पण निसर्गात कुठेही नसलेले इलेक्ट्रॉनिक आवाज टेपवर तयार केले आणि ते झाडावरच्या पाखराला ऐकवले. पाखराने त्या परक्या आवाजांना आपल्या गाण्याने तोंड दिले, ते मुद्रण म्हणजेच रचना. हा प्रयोग धीट होता, आणि त्यातला धोकाही उघड होता: स्पीकरवरचा आवाज पाखराला घुसखोर वाटू शकतो, आणि मग त्याचे गाणे हे उत्तर न राहता हद्दीचे भांडण होते. पुढे डन तळ्यातल्या किड्यांचे आणि झाडाच्या सालीखालच्या भुंगेऱ्यांचे आवाज टिपण्याकडे वळला. वाजवण्याकडून ऐकण्याकडे झालेला हा प्रवास या प्रथेची दिशाच दाखवतो.

वेळही सोडून देणारा माणूस कॅनडात निघाला. रेमंड मरे शेफर याने व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात जागोजागच्या ध्वनींचा अभ्यास करणारा गट उभा केला होता आणि १९७७ मध्ये ‘द ट्यूनिंग ऑफ द वर्ल्ड’ हा ग्रंथ लिहिला होता. १९७९ च्या ‘म्यूझिक फॉर वाइल्डरनेस लेक’ मध्ये त्याने बारा ट्राँबोनवादक एका रानतळ्याच्या काठावर विखरून उभे केले. तो स्वतः पाण्यातल्या तराफ्यावरून रंगीत निशाणे दाखवून संचालन करी. रचनेचे दोन भाग, एक तिन्हीसांजेचा, एक पहाटेचा. कारण त्या वेळी वारा पडतो, पाणी स्थिर होते आणि आवाज पाण्यावरून लांबवर जातो. वादक वाजवतो, थांबतो, काठावरच्या झाडीतून प्रतिध्वनी येतो, मधल्या फटीत पाखरू बोलते. दोन वर्षांनी ‘द प्रिन्सेस ऑफ द स्टार्स’ मध्ये तो आणखी पुढे गेला. श्रोत्यांनी अंधारात चालत तळ्याकाठी यायचे, पलीकडच्या काठावरून न दिसणाऱ्या गायिकेचा आवाज ऐकायचा, पाण्यावरून होड्या येणार, आणि उजाडता उजाडता पाखरे जागी होऊन त्या नाट्यात आपसूक सामील होणार. इथे प्रयोगाची वेळ ठरवतो सूर्य, आणि दिग्दर्शकाने ते मान्य केलेले असते. पाऊस आला तर पाऊस हाच त्या दिवसाचा प्रयोग. पुढे २००९ मध्ये बॅन्फ येथे सादर झालेल्या जॉन ल्यूथर अ‍ॅडम्सच्या ‘इनुक्सुइट’ मध्ये ९ ते ९९ तालवादक मोकळ्या रानात पांगतात, संचालक नसतो, श्रोते मनाला येईल तसे हिंडतात, आणि रचना अखेरीस पाखरांच्या गाण्यावर बेतलेल्या सुरांत विरत जाते. वाद्ये कुठे थांबली आणि रान कुठे सुरू झाले, हे कोणालाही बोट ठेवून सांगता येत नाही. १७१७ च्या पुस्तिकेपासून इथवर आलो, तर माणसाच्या हाती ठेवलेल्या सगळ्या किल्ल्या त्याने एकेक करून खाली ठेवलेल्या दिसतात.

आता शेवटचा आणि सर्वांत नैतिक आक्षेप. इतके सोडायचेच असेल, तर वाजवायचे तरी कशाला? गप्प बसून ऐकावे. वीण करणाऱ्या पाखराच्या दारात वाद्य घेऊन जाणे हाच उपद्रव नाही का? ब्रिटनमध्ये गेल्या पन्नासेक वर्षांत नाइटिंगेलची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. २०१२ च्या गणनेत साडेपाच हजारांच्या आसपास गाणारे नर उरल्याचा अंदाज निघाला. झुडपी रानाची जुनी छाटणी बंद पडली, हरणांनी खालची झाडी खाऊन टाकली, आफ्रिकेतले हिवाळी मुक्काम बदलले, ही त्याची कारणे. अशा वेळी प्रत्येक उपद्रव मोजला पाहिजे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण पाखरू जाते आहे हे आकड्यांनी कळते आणि कानांनी पटते. सॅम ली हा इंग्लिश लोकगायक गेल्या दशकापासून मोजक्या श्रोत्यांना रात्री झाडीत नेतो, मायक्रोफोन न लावता बसवतो, बराच वेळ काहीच करत नाही आणि मग हलक्या आवाजात गातो. जो श्रोता नाइटिंगेल ऐकायला आपण होऊन गेला नसता, तो गाण्याच्या ओढीने जातो आणि पाखराचे गाणे कानात घेऊन परततो. माणूस गप्प बसायला शिकतो तो बहुधा बोलण्याच्या शिस्तीतूनच. मात्र ही शिस्त नसेल तर आक्षेप बरोबर ठरतो, आणि तेव्हा वाद्य खाली ठेवणेच योग्य.

ही कसोटी आपल्यालाही लागू आहे, आणि आज तिची आपल्याला निकड आहे. सह्याद्रीच्या रानांत मोबाइलवर पाखराचे मुद्रित गाणे लावून त्याला फोटोसाठी उघड्यावर आणण्याची खोड आता सर्रास दिसते. नर आपली हद्द राखायला धावत येतो, घरटे मागे राहते, आणि फोटो काढणाऱ्याला वाटते की पाखराने प्रतिसाद दिला. ही सेरिनेटची पेटीच आहे, फक्त पिंजरा दिसत नाही. त्याच रानांत, देवरायांत, धरणकाठांवर पहाटेच्या मैफलींची हौसही वाढते आहे. हौस चांगली आहे. तिने एवढे पाळावे. स्पीकर नेऊ नये. दयाळ, शामा, शीळकरी कस्तुर यांच्या विणीच्या काळात घरट्यांच्या आसपास बसू नये. वाजवण्यापेक्षा थांबण्याचा वेळ मोठा ठेवावा. पाखरू गायले नाही तर मैफल फसली असे मानू नये. आणि हे जमणार नसेल, तर कार्यक्रम सभागृहात करावा. तिथे कोणाचे काही बिघडत नाही. पाखराच्या घरी जाऊन वाजवायचे असेल, तर वेळ पाखराचीच पाळली पाहिजे.